डाव्या हाताचा गिअर

सायकलच्या दुकानात पाय टाकणाऱ्याला मिस्त्री नाव-गाव विचारत नसत. ‘तुमचा चढ कुठला?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. माणूस गांगरायचा. मग मिस्त्री त्याचे गुडघे बघायचे, सुटलेलं पोट अगदी राजरोस बघायचे, पाठीवरची सॅक हातात घेऊन तोलायचे आणि निकाल द्यायचे. त्या निकालावर अपील नव्हतं. ज्याला पटत नसे त्याला ते खुशाल दार दाखवत, आणि गंमत म्हणजे तोच माणूस आठवड्यानं खाली मान घालून परत येई.

अलीकडे सगळ्यांना ग्रॅव्हल बाईकचं वेड लागलं होतं. खाली वळलेलं हँडल, जाड टायर, डांबरीवर पळणारी आणि खडीवर न घसरणारी सायकल. ती घेणाऱ्याला एकाच प्रश्नाचा भुंगा लागायचा: पॅडलपाशी दातेरी चकती एक घ्यायची की दोन? एक असली की सगळे गिअर मागच्या चाकावर, ते उजव्या हातानं बदलायचे. दोन असल्या की डाव्या हातालाही काम. चढ आला की डाव्या हातानं चेन लहान चकतीवर उतरवायची, सपाटी आली की परत मोठीवर चढवायची. पहिलीला सिंगल म्हणायचं, दुसरीला डबल.

मिस्त्री कट्टर डबलवाले. ‘सिंगल म्हणजे एकाच पातेल्यात सगळा स्वयंपाक,’ ते म्हणायचे, ‘पोट भरेल, पण चव विचारू नका.’ चौकात नवं काचेचं दुकान झालं आणि तिथला चष्मेवाला सरसकट सिंगल विकायला लागला, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्याच दुकानात जाऊन त्याची रेवडी उडवली होती. त्याला डबल बसवता येत नाही म्हणून तो सिंगल विकतो, असं ते छातीठोकपणे सांगत. डबलमध्ये चेनला ढकलणारा एक पत्र्याचा पिंजरा असतो. तो चकतीच्या दात्यांपासून जेमतेम नखाच्या जाडीएवढ्या अंतरावर बसवावा लागतो. जरा इकडे झाला तर घासतो, जरा तिकडे झाला तर चेन पडते. मिस्त्री ते अंतर डोळे मिटून डाव्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी चाचपून लावायचे. ‘हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे,’ असं म्हणायचे. फार बोलायचे ते, खरं सांगायचं तर.

मग एका सकाळी त्यांची बायको गल्ल्यावरून किंचाळली.

“अहो, रक्त! ती पट्टी बघा!”

गिऱ्हाइकाच्या हँडलला नवी पांढरी पट्टी गुंडाळून झाली होती आणि तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत लाल बोटं उमटली होती. मिस्त्री शीळ घालत काम करत होते. त्यांनी हात वर करून बघितला. चकतीच्या दात्यांनी डावा अंगठा चांगलाच फाडला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. रक्ताला ते कधी घाबरले नव्हते. पण दुखत कसं नाही, याला घाबरले.

बायकोनं चिंधी बांधली. तिनं काही विचारलं नाही, कारण विचारलं की हा माणूस खेकसतो हे तिला पाठ होतं. पण त्या दिवसापासून मिस्त्री खिशात डावा हात घालून स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. एक नट आणि एक वायसर खिशात टाकायचा आणि न बघता ओळखायचा. ओळखू यायचं नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं जणू दुसऱ्याचीच. डॉक्टरकडे गेले नाहीत. डॉक्टर काहीतरी नाव सांगणार, आणि नाव मिळालं की ते खरं होणार, एवढाच त्यांचा हिशेब. आणि चष्मेवाल्याच्या कानावर गेलं तर?

मिस्त्री सिंगल विकायला लागले ते तेव्हापासून. चेन पडत नाही, चिखल अडकत नाही, भाग कमी, कटकट कमी, असं ते सांगत. यातला एक शब्द खोटा नव्हता. फक्त पूर्वी ते गिऱ्हाइकाचे गुडघे बघून सांगायचे, आता स्वतःचा अंगठा बघून सांगत होते. गिऱ्हाइकांचं काही बिघडलं नाही. बहुतेकांच्या वाटेतला सगळ्यात मोठा चढ म्हणजे नदीवरचा पूल. त्यांना एक काय, अर्धी चकतीही पुरली असती.

बायको मात्र सगळं बघत होती. “डबलचा हट्ट सुटला वाटतं तुमचा,” एकदा ती सहज म्हणाली. “काळ बदलतो,” मिस्त्री म्हणाले. एरवी डाव्या हातात असणारा कप त्यांनी उजव्या हातात घेतला होता, तेही तिनं बघितलं.

आणि मग सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे आरोग्य केंद्रातल्या, घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना बघणाऱ्या नर्स. पन्नाशी ओलांडलेली, आवाज खणखणीत. दगडाच्या खाणीच्या वर डोंगरावर जी वस्ती आहे ती त्यांच्याकडे. खाणीपर्यंत गाडी जाते, पुढे नुसती खडी आणि अंगावर येणारा चढ. सिस्टर तो चढ सामानाच्या दोन पिशव्या लावून सायकलवर काढायच्या. जुन्या सायकलला मिस्त्रींनीच कधीकाळी डबल बसवून दिली होती. आता तिचा सांगाडाच चिरला होता.

“मिस्त्री, मला यातलं ओ की ठो कळत नाही,” त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. “सिंगल घेऊ का डबल? तुम्ही सांगाल ते.”

तो चढ मिस्त्रींना तोंडपाठ होता. लहान चकती टाकली तर चढ निघेल, पण खालच्या लांबलचक सपाट रस्त्यावर नुसते पाय फिरतील. मोठी टाकली तर उलटं. आणि या बाईला दोन्ही रोजचं. दोन चकत्या लागणारच होत्या, शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. गल्ल्यावर बायकोचा हात थांबला होता. मिस्त्रींचा डावा हात खिशात होता.

“सिंगल घ्या, सिस्टर. मधल्या मापाची चकती टाकू.”

“वरचा चढ निघेल ना?”

“निघेल की.”

हे मात्र धडधडीत खोटं होतं. सिस्टर निश्चिंत मनानं उठल्या. त्या रात्री मिस्त्रींना घास गोड लागला नाही, पण त्यांनी मनाची समजूत घातली: बाई दणकट आहेत, काढतील. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला मदतनीस लागत नाही.

सायकल गेली. सिस्टर बरेच दिवस दिसल्या नाहीत, आणि त्या दिसत नाहीत याचं मिस्त्रींना बरंच वाटत होतं. मग एका दुपारी त्या सायकल हातात धरून, चालत दारात आल्या.

“मिस्त्री, कुणी गिऱ्हाईक असलं तर बघा हिला. सायकल झकास आहे. मीच संपले.”

“म्हणजे?”

“खाणीच्या वरच्या वळणावर उतरावं लागतं. ढकलत नेते. जुन्या खटाऱ्यावर न उतरता जात होते, आणि या नव्या कोऱ्या सायकलवर छाती फुटायची वेळ येते. आधी वाटलं, रक्त कमी झालं असेल. तपासलं, ठीक आहे. मग कळलं, वय झालं आपलं.” त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. “ऑफिसात अर्ज दिलाय. अंगात ताकद राहिली नाही, खालचं काम द्या म्हणून. केसपेपर लिहीत बसेन.”

“वर कोण जाणार मग?” बायकोनं विचारलं.

“कोण जातंय? महिन्यातून एकदा खाणीपर्यंत जीप येईल. पेशंटना घेऊन खाली या, म्हणतात. ज्यांना कूस बदलता येत नाही, ते येणार खाली!”

मिस्त्री सायकलकडे बघत राहिले. त्यांनी चुकीची चकती दिली होती, आणि त्या बाईनं दोष घेतला होता स्वतःच्या पायांवर. तिनं त्यांच्याकडे तक्रार केली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर सोपं गेलं असतं. तिच्या मनात त्यांच्याबद्दल शंकेचा लवलेशही नव्हता. मूग गिळून बसलं की झालं, अजूनही कुणाला काही कळणार नव्हतं.

बायकोनं चहाचा कप सिस्टरच्या पुढ्यात ठेवला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तुम्ही सांगताय, की मी सांगू?”

मिस्त्रींनी दचकून वर बघितलं. म्हणजे हिला सगळं माहीत होतं.

“सिस्टर,” ते म्हणाले, “तुमच्या पायांना काही झालं नाही. तुम्हाला डबल लागत होती. मला तेव्हाच माहीत होतं.”

“मग दिली का नाही?”

त्यांनी खिशातून डावा हात काढून कामाच्या फळीवर ठेवला. सिस्टरनं चहा बाजूला सारला, तो हात उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं. तिथलं मांस उतरलं होतं. त्यांनी फळीवरची तुटकी तार उचलली.

“डोळे मिटा. टोचलं की सांगा.”

मिस्त्रींनी डोळे मिटले. दुकानात घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. ते वाट बघत राहिले.

“टोचा ना,” ते म्हणाले.

“केव्हाची टोचतेय, मिस्त्री.”

बायकोनं पदर तोंडाला लावला. सिस्टरनी तार खाली ठेवली. नर्स म्हणून जेवढं बघायचं तेवढं बघून झालं होतं, आणि आता त्यांचा चेहरा बदलला.

“मनगटात नस दबलीय. किती दिवस झाले? वेळेत दाखवलं असतंत तर...” त्या थांबल्या. “मी आरशासमोर उभी राहून रडलेय. घरी सांगितलं, माझ्याच्यानं आता होत नाही. वरच्या वस्तीतल्या एका म्हातारीला सांगून आले, यापुढे मी येणार नाही. ती माझा हात सोडेना. आणि तुम्ही इथं बसून सिंगल विकताय?”

“चुकलं माझं.”

“चुकलं? वाकडा नट बसला तर चुकलं म्हणतात. तुम्ही मला म्हातारी केलंत.”

मिस्त्रींनी स्टूल ओढलं, त्यावर चढून भिंतीवरच्या आकड्याला टांगलेली स्वतःची सायकल उजव्या हातानं आणि खांद्यानं खाली घेतली. तिला डबल होती, पिंजरा, केबल, हँडलवरची गिअर बदलायची डावी लिव्हर, सगळं. डाव्या हातानं लिव्हर दाबता येईना तेव्हापासून ती टांगलेलीच होती.

“हिचं सगळं तुमच्या सायकलला बसेल.”

“बसवणार कोण?” सिस्टर तोडून बोलल्या.

मिस्त्रींनी आपली सायकल दाराकडे वळवली. मग म्हणाले, “चला.”

दोघं चौकाकडे निघाले. सिस्टर पुढे, आपली सायकल घेऊन. मागे मिस्त्री, आपली घेऊन. काचेच्या दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. चष्मेवाल्यानं त्यांना दारात बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला. मागच्या वेळी ते आले होते तेव्हा त्याची भर दुकानात शोभा करून गेले होते.

“या मिस्त्री. आज काय चूक काढायची राहिलीय?”

कुणीतरी हसलं. मिस्त्रींचे कान तापले. वाटेत त्यांनी मनाशी वाक्य जुळवलं होतं: घाई आहे, माझ्याकडे काम फार आहे, तेवढं तू करून दे. ते वाक्य अगदी जिभेवर होतं. शेजारी सिस्टर उभ्या होत्या, त्यांच्याकडे न बघता.

“माझ्या सायकलची डबल काढून यांच्या सायकलला बसव,” मिस्त्री म्हणाले. “माझा हात गेलाय. मला बसवता येत नाही.”

चष्मेवाल्यानं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या हाताकडे. त्यानं दोन्ही सायकली आत घेतल्या. काम करताना तो पिंजऱ्याचं अंतर चांगलं चाचपून लावत होता, आणि मिस्त्रींना मान्य करावं लागलं की त्याला ते येत होतं, बहुधा पहिल्यापासूनच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी एकही सायकल हातात घेतली नाही. दारातल्या बाकावर बसून रस्त्याकडे बघत राहिले. डबल असूनही चढ निघाला नाही तर? म्हणजे बाईचं खरंच वय झालं असेल तर? हा विचार आला आणि आपल्याला त्यातून सुटका हवीय की काय, असं वाटून त्यांची त्यांनाच लाज वाटली.

उन्हं उतरताना सिस्टर आल्या. एक पाय जमिनीवर टेकवून, खाली न उतरता त्या म्हणाल्या, “निघाला चढ. कुठंही न उतरता.”

मिस्त्रींचे डोळे भरून आले. “आणि अर्ज?”

“अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. माझ्याच सहीनं लिहून दिलंय, अंगात ताकद नाही म्हणून. आता परत घेते म्हटलं तर म्हणाले, काल नव्हती, आज कुठून आली? उद्या तुम्ही यायचं माझ्याबरोबर. कुठून आली ते तुम्ही सांगायचं.”

“ते ऐकतील?”

“मला माहीत नाही,” सिस्टर म्हणाल्या. आवाजात अजून राग होता. “तिथून तसंच डॉक्टरकडे. नस मोकळी केली तर हात परत येतो म्हणतात. सगळ्यांचा येतो असं नाही.”

त्यांनी डावी लिव्हर दाबली, चेन खट्कन मोठ्या चकतीवर गेली आणि त्या निघून गेल्या. तो आवाज स्वच्छ होता. मिस्त्री तो ऐकत बाकावर बसून राहिले, डावा हात मांडीवर, सगळ्यांना दिसेल असा. बायकोनं त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून दुकानाची किल्ली काढून घेतली.

“उद्या दुकान मी उघडते,” ती म्हणाली. “कुणी डबल मागितली तर काय सांगू?”

“चौकात पाठव,” मिस्त्री म्हणाले.