सूप भरलेलंच राहिलं

सरजाबाई अमावास्येला रानात एकटी जायची, भुताखेताला भीक घालायची नाही. पण गिरान, म्हणजे ग्रहण, म्हटलं की घरात शिरून कडी लावायची. तिची नात विशाखा विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकते. ती चिडवायची, "विहारात वंदना म्हणतीस आन् गिरान पाळतीस व्हय गं आजी?" म्हातारी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पोरीला काय सांगणार, कपाळ!

ती गिरान पाळत नव्हती हो, ती लपत होती. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातलं गिरानाचं मागणं बंद झालं होतं. पण एका दुष्काळात बाप कामाला परमुलखात होता, घरात दाणा नव्हता, आणि नेमकं गिरान लागलं. खालच्या आळीच्या लोकांना दान दिलं की चंद्र सुटतो, अशी गावाची समजूत. आईनं सरजाला संगं घेतलं आणि वरच्या आळीत दारोदार ओरडत फिरली, "दे दान, सुटे गिरान!" एका ओट्यावर लक्ष्मी उभी होती, सरजाच्याच वर्गातली. तिनं शिवाशीव नको म्हणून वरूनच सुपानं ज्वारी ओतली. अर्धी पदरात पडली, अर्धी मातीत, आणि मायलेकींनी ती वेचून घेतली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी भर वर्गात म्हणाली, "काल मागाया आलतीस ना गं?" पोरं हसली. सरजा पुन्हा त्या शाळेची पायरी चढली नाही. जन्मभर निंदण-खुरपण केलं, लेकाला शिकवलं, पण स्वतःला सही करण्यापुरतीच अक्षरं आली. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

परवाच्या कार्तिकी पुनवेला चंद्र गिरान घेऊनच उगवणार होता. सरजाबाईचं घर गावाच्या टोकाला, पुढं तुरीचं रान. विशाखा अंगणात पोतं अंथरून बसली. म्हातारी कडीला हात घालते तोच काठी टेकत लक्ष्मीबाई, तीच वर्गातली लक्ष्मी, दारात आली. कमरेवर ज्वारीनं भरलेलं सूप होतं.

"सरजा, घे माय हे. आता कुणी मागाया येत न्हाई, म्हणून मीच आले. सून उज्वला पोटुशी हाय. लेकराला काही झालं तर मी काय करू?"

तिनं सूप पुढं केलं. सरजाबाईनं सुपाकडं पाहिलं. घ्यावं का? एक सूप घेतलं तर या बाईला आजची रात्र सुखाची झोप लागेल. पण डोळ्यांपुढं माती उकरणारी आई आली.

"लक्ष्मीबाई, उज्वलासाठी कवाबी हाक मारा, मी दवाखान्यात संगं येते. पण हे मी न्हाई घ्यायची."

"आगं, मग चंद्र सुटल कसा?"

"बसा हितं. बघू कसा सुटतो ते."

लक्ष्मीबाई अवघडून पोत्याच्या कडेला टेकली. सूप मधे ठेवलं. तुरीच्या शेंड्यांवर चंद्र वर आला, मळकट तांबूस, खालून कुरतडलेल्या भाकरीसारखा. लक्ष्मीबाईनं डोळे मिटून घेतले. सरजाबाईनं मात्र आयुष्यात पहिल्यांदा गिरानाकडं टक लावून पाहिलं. भीती वाटत होती, पण मान खाली घातली नाही.

काळा डाग हळूहळू सरकत गेला. चंद्र बाभळीच्या वर येईतो पुरता गोल झाला. विशाखा म्हणाली, "सुटलं, आजी."

लक्ष्मीबाईनं डोळे उघडले. आधी चंद्राकडं पाहिलं, मग सुपाकडं. एक दाणाही हलला नव्हता.

सरजाबाईच्या तोंडून हुंदका फुटला. "न्हाई दिलं तरी सुटतं की गं हे! मग माझी माय कशापायी वरडली?"

विशाखा आजीला बिलगली.  लक्ष्मीबाईला सूप उचलायचंही धाडस होईना.