काचेला लावलेलं शेपूट

माझ्या थोरल्या बहिणीच्या हातांना वास येतो. ॲसिडचा, तापलेल्या लोखंडाचा, आणि तो घालवायला वापरलेल्या स्वस्तातल्या साबणाचा. ती जेवायला बसली की मी ताट उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाते. "तुझं नाक फार वर गेलंय," ती म्हणते. नाक कुठेही गेलेलं नाही. अर्धं आयुष्य तो वास सोसून मला त्याचा उबग आलाय. एकदा तिनं लग्न करून पाहिलं, नवराही वर्षभरात पळाला, तेव्हा दोष माझ्या नाकाचा नाही.

ताई काच करते. म्हणजे काच कारखान्यातून येते, ताई तिच्यावर थर चढवते. सोलर पॅनेलच्या तोंडाला जी काच असते, तिच्यातून ऊन आत गेलं पाहिजे आणि आत तयार झालेली वीज तिच्यावरूनच वाहून बाहेरही आली पाहिजे. साधी काच वीज नेत नाही. म्हणून तिच्यावर डोळ्याला न दिसणारा, पण वीज नेणारा थर द्यायचा. ताई लालबुंद तापलेल्या शेगडीवर काच ठेवते आणि मी इस्त्री करताना कपड्यावर पाणी मारते तसं तिच्यावर कथलाच्या क्षाराचं पाणी फवारते. थर जाड झाला की वीज झकास वाहते, पण काच धुरकटते. पातळ झाला की काच लख्ख, पण वीज अडते. या दोन्हींच्या मधलं काहीतरी शोधण्यात बाईचं तारुण्य गेलं.

तिची एक खोड मात्र मला मनापासून आवडायची. थर दिलेली प्रत्येक काच ती वर्तमानपत्रावर ठेवायची आणि तिच्यातून सगळ्यात बारीक टाइपातल्या जाहिराती वाचायची. भाड्याने खोली, जुनी सायकल विकणे आहे, असलं काहीतरी. एक अक्षर जरी अडलं तरी काच नापास. साहेब म्हणोत, कोणी म्हणो, नापास काचेला तिनं कधी पास म्हटलं नाही.

ताईच्या लॅबच्या साहेबांना मी सेंटसाहेब म्हणते. लॅबचा वास लपवायला ते अंगावर इतकं सेंट ओततात की जिन्यात माणूस दिसायच्या आधी सेंट येतं. हात कायम ओला, आणि तो ओला हात दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून बोलायची सवय. मी एकदा डबा द्यायला गेले होते, तेव्हा माझ्याही खांद्यावर ठेवला. घरी येऊन मी तो कुर्ता धुवायला टाकला.

मध्यंतरी ताईचे पेपर, म्हणजे मासिकांना पाठवलेले शोधनिबंध, परत यायला लागले. काच चांगली आहे, पण नवीन काही नाही, असं सगळीकडून उत्तर. ताईचं तोंड एवढंसं झालं. सेंटसाहेबांनी मात्र तोडगा काढला. त्यांच्या इमारतीत त्याला शेपूट म्हणतात. भांड्याच्या तळाशी जी पावडर उरते ती डबीत भरायची आणि वरच्या मजल्यावर पाठवायची. वर दुसरं खातं आहे, तिथे प्लॅस्टिकच्या बशांमधून स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवतात. त्यांच्यावर पावडर टाकायची. पेशी मरतात. मग काचेच्या पेपरच्या शेवटी दोन परिच्छेद चिकटवायचे की हा पदार्थ स्तनाच्या कॅन्सरवरही गुणकारी दिसतो. पेपर लगेच छापून येतो.

"सोलरच्या काचेचा आणि बायकांच्या छातीचा काय संबंध?" मी विचारलं.

"काही नाही. शेपूट आहे ते."

"मग छातीचंच का?"

"वर त्याच पेशी असतात. शिवाय सर म्हणतात, छातीचं म्हटलं की लोक वाचतात."

हे ती मटार सोलता सोलता म्हणाली. मी बायकांचे कपडे शिवते, दिवसभर छात्या मापते. त्यातल्या दोघीतिघी ऑपरेशन झालेल्या आहेत, त्या माप देताना भिंतीकडे बघतात. मला त्या आठवल्या आणि ताईच्या हातातले मटारसुद्धा नकोसे झाले.

पेपर आला, आणि त्यामागून बातमी आली. 'सूर्याची काच करणार कॅन्सरवर मात'. फोटोत सेंटसाहेब हातात निळ्या पाण्याचा चंबू धरून आकाशाकडे बघत होते. ताईच्या लॅबमध्ये निळं काहीच नसतं. फोटोसाठी पाण्यात शाई घातली होती. ताईचा फोटोत एक कोपर आला होता, पण नाव खाली पूर्ण छापलं होतं. मला शिसारी आली. आत्या मात्र कात्रण घेऊन गल्लीभर मिरवून आली.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. आई-वडील लवकर गेले, आम्हा दोघींना तिनंच वाढवलं. पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांना दटावण्यात तिची हयात गेली, आणि घरी आल्यावर आम्हाला दटावण्यात. आमची नावं तिनं कधी घेतली नाहीत. ताई थोरली, मी धाकटी. थोरलीवर तिचा जीव, हे मी लहानपणीच गिळून टाकलं होतं.

उन्हाळा लागला तशी ती माझ्या दुकानात नवा ड्रेस बेतायला आली. मी छातीभोवती टेप घातली आणि ओढली, तर तिनं झटक्यानं अंग चोरलं. माझा हात लागला तिथे काहीतरी टणक होतं.

"आत्या, हे काय?"

"गाठ," ती म्हणाली. पार्सलचं वजन सांगावं तशी.

"कधीपासून?"

"थंडीच्या आधीपासून. डॉक्टरला दाखवलंय. सुई घालून तपासलं त्यांनी. तेच आहे."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होते. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. तेवढ्यात थोरलीची बातमी आली, मग तारीख रद्द केली मी. घरची पोर औषध काढतेय आणि मी परक्यांकडून कापून घेऊ?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला शेपटाचं सगळं सांगितलं. डबी, बशी, दोन परिच्छेद, शाईचं पाणी. तिनं शांतपणे ऐकलं आणि पर्स उचलली.

"थोरलीचं कौतुक तुला कधी सोसलं नाही," ती म्हणाली. "तू बाह्या जोड. तिचं ती सांगेल, तिचं मी ऐकेन."

मी दुकान तसंच उघडं टाकून लॅबमध्ये गेले. ताई शेगडीपाशी होती. मी सांगितलं तशी तिनं शेगडी बंद केली आणि स्टुलावर बसली. तोंडाचा रंग उडाला होता. मला वाटलं, आता उठेल आणि आत्याकडे पळेल. तर ती म्हणते कशी, "तसं अगदीच खोटं नाहीये गं ते. पेशी मेल्या होत्या."

बहीण नसती तर मी थुंकले असते.

तेवढ्यात सेंट आलं आणि मागून साहेब आले. हातात चहा, चहात बुडवलेलं बिस्किट. त्यांनी दारातून ऐकलं असावं. "अरेरे," ते म्हणाले. बिस्किट कपात गळून पडलं ते त्यांनी दोन बोटं घालून काढलं, खाल्लं आणि बोटं चोखली. मग त्यांचे डोळे चमकले.

"पण बघा, त्यांचा किती विश्वास आहे आपल्यावर. एक छोटासा फोटो काढू या त्यांचा. संशोधिकेच्या घरातलीच पेशंट. बातमीला वजन येईल."

"आणि ऑपरेशन?" मी विचारलं.

"तो त्यांचा निर्णय आहे. आपण कोण सांगणारे?"

मिशीला बिस्किटाचा लगदा लागला होता आणि तो ओला हात ताईच्या खांद्याकडे निघाला होता. ताईनं खांदा मागे घेतला नाही. फरशीकडे बघत राहिली.

"काच तू नापास करतेस," मी तिला म्हटलं. "हे कोण नापास करणार?" आणि मी निघून आले.

पुढचं मला ताईनंच नंतर सांगितलं. ती डबी घेऊन वरच्या मजल्यावर गेली आणि तिथल्या बाईंना म्हणाली, हीच पावडर निरोगी पेशींवर टाका. खरं तर हे पहिल्याच वेळी करायचं असतं. औषध कोणाला मारतं यापेक्षा कोणाला सोडतं ते बघायचं असतं. सेंटसाहेब तेव्हा म्हणाले होते, ते पुढच्या पेपरला ठेवू, आणि ताईनं मान हलवली होती. आता बघितलं. निरोगी पेशी आधी मेल्या.

निकाल हाती आला त्याच दुपारी ती आत्याकडे आली. मी तिथेच होते, आत्याला डॉक्टरकडे न्यायला तिच्या हातापाया पडत होते आणि आत्या मला दाद न देता शेंगा निवडत होती. ताई चपलासुद्धा न काढता समोर बसली.

"आत्या, माझी पावडर चांगल्या पेशीही मारते. आधी त्याच मारते. त्या बशीत नुसतं खारट पाणी ओतलं असतं तरी कॅन्सरच्या पेशी मेल्या असत्या. फक्त ते कोणी छापलं नसतं."

आत्यानं हातातली शेंग मोडली. "म्हणजे औषध नाही."

"नाही."

"पुढे निघेल?"

"माझ्याकडून नाही. मी काच करते."

"मग लिहिलंस कशाला?"

"पेपर परत येत होते म्हणून."

आत्यानं मोडलेली शेंग परातीत टाकली. मग शेंगांची परात बाजूला सारून म्हणाली, "मला कापून घ्यायची भीती वाटत होती, थोरले. कोणीतरी नको म्हणावं, एवढीच वाट बघत होते. पण भलत्यासलत्याचं मी ऐकलं नसतं. पोस्टात इतकी वर्षं बसले, थापा मला ओळखता येतात. त्या बातमीखाली तुझं नाव होतं."

ती आवाज न चढवता बोलली. आयुष्यभर आम्हाला एवढ्यातेवढ्यावरून फैलावर घेणारी बाई इतकं हळू बोलली की मला ताईची कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला.

ऑपरेशन झालं. सर्जनबाई हातमोजे काढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आधी आल्या असत्या तर नुसती गाठ काढून भागलं असतं. आता डावी बाजू सगळीच काढावी लागली. जिवाचं सध्या तरी ठीक आहे, पुढे बघत राहावं लागेल. ताई भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी लागट बोलले असते.

ताईनं मासिकाला पत्र घातलं की शेवटचे दोन परिच्छेद मागे घ्या. त्यांनी अख्खा पेपरच मागे घेतला. आणि गंमत अशी की तिच्या हातून झालेली सगळ्यात चांगली काच त्याच पेपरात होती. ती काच मी बघितलीय. ठेवलेली कळायची नाही इतकी स्वच्छ होती. आता तिचा कुठे उल्लेख नाही. सेंटसाहेबांनी ताईचं टेबल गोदामाशेजारी हलवलं. निळ्या चंबूचा फोटो मात्र फ्रेम होऊन त्यांच्या खोलीत अजून लटकतोय, आणि वर्तमानपत्रानं पुढे एक ओळ छापली नाही. आता साहेब आतड्याच्या कॅन्सरचं शेपूट लावतात म्हणे. त्या इमारतीवरून जायची वेळ आली तर मी रस्ता ओलांडते.

टाके सुकल्यावर आत्या दुकानात आली. तिच्यासाठी मी कापसाचा पॅड शिवला होता, पण तिनं हात वर केला की तो गळ्यापाशी चढायचा. त्याला वजन हवं होतं. मी आत धान्य भरून पाहिलं, तर घामानं कुबट वास यायला लागला. आत्या नाक मुरडून म्हणाली, "आता मलाही थोरलीसारखा वास येणार."

ताई कोपऱ्यात बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी ती एक बरणी घेऊन आली. साबुदाण्याहून बारीक काचेचे मणी, लॅबमध्ये अरुंद तोंडाच्या बाटल्या आतून घासायला वापरतात ते. नवे, कोरे. तिनं ते उकळून, वाळवून आणले होते. मी बरणीत नाक घातलं. कसलाच वास नव्हता. ताईच्या हातून आलेल्या वस्तूला वास नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

उजव्या बाजूच्या वजनाशी जुळेपर्यंत मी मणी कमीजास्त करत राहिले, मग पॅड शिवला. आत्यानं तो घातला, आरशासमोर उभी राहिली, हात वर केला, खाली केला. पॅड जागचा हलला नाही. तिनं वरून एकदा हात फिरवला.

"चला," ती आरशातूनच ताईला म्हणाली, "शेवटी तुझ्या लॅबमधलं काहीतरी माझ्या छातीच्या कामी आलं."

मी हसायला गेले आणि हसू आलं नाही. ताई उठून मागच्या मोरीवर हात धुवायला गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, शेवटी आत्यानंच मला नळ बंद करून यायला सांगितलं.