मंगळवारचं वजन

वासितीने संगणकावर बनवलेलं पान चाललं की ती पडद्याला "विनाका" म्हणायची. विनाका म्हणजे तिकडच्या बोलीत आभार. यंत्राचे कसले आभार मानायचे, असं शेजारची माणसं हसून विचारायची. ती म्हणायची, "मानून तर बघा, तुमचंही चालेल." सुवा शहरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात नऊ वर्षं तिने असे आभार मानले, आणि खरं सांगायचं तर तिची पानं चालायचीही.

बाप बस चालवायचा, आई चर्चच्या समारंभांना चटया विणून द्यायची. राइवांगा वस्तीतल्या दोन खोल्यांत सहा भावंडं. त्यांतली ही चौथी, म्हणजे ना लाडाची ना कामाची. पहिलं पान तिने केलं ते चर्चच्या गायकमंडळींच्या तालमीचं वेळापत्रक. ते बघून पाद्रीबुवा म्हणाले, "पोरगी देवाचं काम करते," आणि त्या एका वाक्यावर तिला एका छोट्या विमान कंपनीत नोकरी लागली. तिथे देवाचं काम कमी आणि वजनाचं जास्त.

कारण लहान विमान. बेटावरची धावपट्टी म्हणजे गवताचा पट्टा, पट्टा संपला की नारळाची झाडं आणि झाडं संपली की समुद्र. तिथे माणसालाही पिशवीसकट काट्यावर उभं राहावं लागतं. चौदाशे किलो म्हणजे चौदाशे. वर एक फणसही चढवायचा नाही. आदल्या दिवशी गावात वजनं करून नोंदवायची आणि सकाळी बेटावरच्या माणसाने पान उघडून बघायचं, किती भरलंय आणि किती जागा उरली आहे. ते पान वासितीचं.

पान म्हणजे एकसंध काही नसतं बरं का. तुकडे असतात. वार निवडायचा एक तुकडा, आकडे दाखवायचा दुसरा. वार दाबला की आकड्यांचा तुकडा सर्व्हरकडे निरोप धाडतो, "मला अमुक वाराची वजनं दे," आणि उत्तर आलं की मांडून दाखवतो. पान उघडताना आठवड्यातल्या पहिल्या विमानाचा वार, मंगळवार, आपोआप निवडला जायचा आणि त्याचा निरोप लगेच सुटायचा. वासितीला ही आपली मोठी हुशारी वाटायची.

थिथिया बेटावरच्या धावपट्टीवर काटा सांभाळायचा तिचा सख्खा मामा, इलाइतिया. मामाला तिकडे मोमो म्हणतात आणि भाच्या-भाचीला वासू. वासूने मोमोच्या घरातलं डुक्कर उचलून नेलं तरी मोमोने हूं की चूं करायचं नाही, अशी रीत. मग फोनवर दोन उर्मट वाक्यं बोलली तर काय बिघडलं? वासितीला तसंच वाटलं असणार.

मोमोने पहिल्यांदा फोन केला तो मे महिन्यात.

"वासू, तुझ्या पानावर वर गुरुवार लिहिलंय आणि खाली आकडा मंगळवारचा आहे गं."

"मोमो, तुम्ही घाई करता. नीट दाबा."

"सव्वीस वर्षं काटा बघतोय मी. दाबायला काय शिकवतेस?"

तिने ऑफिसात बसून तेच पान उघडलं, गुरुवार दाबला, गुरुवारचा आकडा आला. तक्रारवहीत लिहिलं, 'आढळलं नाही', आणि तक्रार बंद. जूनमध्ये पुन्हा फोन, पुन्हा बंद. जुलैत तिसरा. त्या वेळी ती चहाबरोबर बन खात होती आणि तोंडात घास असतानाच म्हणाली, "मोमो, माझ्याकडे बरोबर चालतंय."

मोमो म्हणाला, "बरं." चौथा फोन आलाच नाही, आणि वासितीला वाटलं, चला, शिकला एकदाचा म्हातारा. आता काय म्हणावं या पोरीला!

ऑगस्टमध्ये थिथियाला आईच्या चुलतबहिणीचं मयत झालं. आई आठवडाभर तिकडे होती आणि गुरुवारच्या विमानाने परतणार होती. बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला, "आम्ही सोळा जण आहोत गं. पाय ठेवायला जागा नाही. आणि चटया वेगळ्याच. मयताच्या वाटणीत मला चौदा आल्यात!" चटयांचं सांगताना तिचा आवाज एवढा खुलला की मयताचं दुःख कुठल्या कुठे गेलं.

गुरुवारी सकाळी ऑफिसासमोर रस्ता खणणाऱ्यांनी तार तोडली. नेट गेलं. साहेब शलेन कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे बाबा, आजचा दिवस मुंग्यांसारखं चालायचं," आणि सगळ्यांनी आपापल्या फोनचं नेट लावलं. सगळ्या इमारतीने तेच केलं होतं, त्यामुळे तेही रांगत होतं. पावणेदहा वाजले होते. आईचं विमान दहाला उडणार. वासितीने सहज पान उघडलं आणि अधीर होऊन लगेच गुरुवार दाबला.

वर अक्षरं उमटली, गुरुवार. खाली आकडे आले, सोळा प्रवासी. आणि ती बघत असतानाच आकडे बदलले. पाच प्रवासी. भरलेलं वजन चारशे तीस. शिल्लक नऊशे सत्तर किलो. वर मात्र अजून गुरुवारच.

ती खुर्चीतून उठली.

झालं होतं ते साधंच. तुम्ही दोघांना दुकानात धाडता, आधी एकाला साखर आणायला, मग बेत बदलला म्हणून दुसऱ्याला मीठ आणायला. डब्यावर मिठाची चिठ्ठीही लावून ठेवता. मीठवाला लवकर येतो, मीठ डब्यात पडतं. मग रेंगाळलेला साखरवाला उगवतो, तुम्ही मीठ काढून साखर ओतता, आणि चिठ्ठी तशीच. वासितीचं पान जे शेवटी येईल ते खरं मानत होतं. ऑफिसच्या वेगवान नेटवर दोघंही डोळ्याचं पातं लवायच्या आत, गेले त्याच क्रमाने परत यायचे. बेटावरच्या उपग्रहाच्या नेटवर मात्र मंगळवार वाटेत कुठेतरी अडखळायचा आणि मागून येऊन गुरुवारच्या डोक्यावर बसायचा. मोमो तीन महिने हेच सांगत होता, अक्षर न् अक्षर हेच.

म्हणजे आज मोमोनेही हेच पान पाहिलं असेल. शिल्लक नऊशे सत्तर. चौदा चटया घ्या, तारोच्या कंदांची पोती घ्या, मागे राहिलेली माणसंही घ्या, जागाच जागा आहे!

"शलेन!" ती ओरडली. "थिथियाचं विमान थांबवा!"

मोमोचा फोन लागेना. धावपट्टीवर सिग्नल एका आंब्याखालीच येतो, आणि काट्यापासून तो आंबा शंभर पावलांवर. शलेनने नाउसोरी विमानतळावरच्या रेडिओवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, वैमानिक खाली उतरलेला आहे, सामान चढवत असतील, रेडिओपाशी कुणी नाही. वर गेला की तोच बोलेल.

"वर गेला की?" वासिती म्हणाली. "वर गेला तर ना!"

"बस तू," शलेन म्हणाला. एरवी दहा शब्दांत नऊ टोमणे मारणारा माणूस, पण त्याने नुसती खुर्ची पुढे केली आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.

हात रिकामे ठेवले असते तर ती वेडी झाली असती. तिने काम उघडलं. दुसरा वार दाबला की आधीचा निरोप रद्द. त्याचं उत्तर आलंच, तर ते दाराबाहेर. चार ओळी. चार ओळींचं काम, आणि तीन तक्रारी बंद केल्या होत्या तिने! लिहिताना डोळ्यांपुढे गवताचा तो पट्टा, ती नारळाची झाडं आणि फुलाफुलांच्या झग्यातली आई खिडकीशी बसलेली. दहा वाजले. दहा-दहा झाले. रेडिओवाले गप्प. दहा-पंधरा. वासितीने पडद्याला आज काही म्हटलं नाही. ती देवालाच म्हणत होती, "चटया ठेव, आई दे. नोकरी घे हवी तर."

दहा-बावीसला शलेनचा चेहरा बदलला. त्याने फोन कानापासून दूर केला आणि म्हणाला, "उडालं. समुद्रावर आलं. सगळं ठीक."

"खरं?"

"खरं. वीस मिनिटं उशीर. प्रवाशांत चटयांवरून भांडण झालं म्हणे."

वासिती टेबलाखाली जाऊन बसली. रडत होती की हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. शलेन खाली वाकून म्हणाला, "रडून झालं की वर ये. तुझा मंगळवार अजून सगळ्या बेटांवर फिरतोय." ती वर आली, चार ओळी चढवल्या, शलेनने सगळ्या बेटांना आज कागदावरच बेरीज करा म्हणून निरोप धाडले, आणि मग ती टॅक्सी करून नाउसोरीला पळाली.

आई विमानातून उतरली ती भडकलेली. काखेत एकच चटई.

"तुझा मोमो माणूस आहे की दगड? तेरा चटया ठेवून घेतल्या! तेरा! आणि ती जाडी सालोते, तिलाही उतरवलं. शेवटपर्यंत म्हणत होती, मी श्वास धरून बसते!"

वासितीने भर विमानतळावर आईला अशी मिठी मारली की ती एक चटईही खाली पडली.

"अगं, सोड! आठच दिवस तर गेले होते!" आई म्हणाली. मग लेकीचा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला. "काय झालं गं?"

पुढच्या आठवड्यात वासिती थिथियाला गेली. हातात वर्तमानपत्रात बांधलेली यांगोनाची मुळं, पाण्यात भिजवून मानाचं पेय करतात ती, अर्धा किलो, चांगली जाड. माफी मागायची तर मोकळ्या हाताने जायचं नसतं, आणि वासूने माफी मागायला जायचंच नसतं. ती गेली. मोमोच्या ओट्यावर गुडघे टेकून तिने पुडकं पुढे सरकवलं. म्हणाली, "तुम्ही तीनदा सांगितलंत. मी ऐकलं नाही. आई होती त्या विमानात, मोमो."

मोमोने रीतीप्रमाणे पोकळ तळव्यांनी टाळ्या वाजवून पुडकं स्वीकारलं, मग ते हातात तोलून पाहिलं. "चारशे ऐंशी ग्रॅम," तो म्हणाला. "दुकानदाराने फसवलं तुला."

"मोमो!"

"अगं, वासूने मोमोला बुडवलं तरी चालतं, तो तिचा हक्कच आहे. पण आईला बुडवायचं नसतं." त्याने कानामागची पेन्सिल काढून दाखवली. "तू 'माझ्याकडे चालतंय' म्हणालीस, त्या दिवसापासून हिने बेरीज करतो. म्हटलं, पोरीकडे चालतंय तर चालू दे. माझ्याकडे लोक उडतात."

वासितीने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मोमोनेही सोडवून घेतला नाही. मग आतून मामी ओरडली, "यांगोना भिजवताय की तिच्यावर रडताय दोघं?"

परतीच्या सकाळी धावपट्टीवर मोमोने तिला पुन्हा काट्यावर चढवलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडला, "ब्याऐंशी! सुव्याचे बन!" रांग हसली. वासितीही हसली, कधी नव्हे ती लाजली नाही. मग आंब्याखाली उभं राहून त्याने फोनवर पान उघडलं आणि लगेच गुरुवार दाबला, मुद्दाम, घाईघाईने. 'आणत आहे' अशी अक्षरं आली आणि तिथेच बसली. दहा सेकंद. वीस. चाळीस सेकंदांनी आकडा आला, तेराशे बारा. दोघं त्याच्याकडे बघत राहिली. मिनिट गेलं, दुसरं गेलं. आकडा हलला नाही.

मोमोने कागद काढला, पेन्सिलीने बेरीज केली, पुन्हा एकदा केली. तेराशे बारा.

त्याने पेन्सिल कानामागे न ठेवता खिशात टाकली.

"वासू," तो म्हणाला, "माझ्याकडेही चालतंय."