सरूबाईंच्या न्याहारीचा दर

जिथे वाढताना मोजमाप नसते, तिथे किस्से आपोआप साठतात.

शाळेच्या कामासाठी खामगावी गेलो की मी कापूसबाजारामागील सरूबाईंच्या खाणावळीत उतरे. तेथे न्याहारीचा दर ठरलेला. खाणे मात्र मनसोक्त. पाहुण्याने पत्रावळीवर हात आडवा धरेपर्यंत वाढणे थांबवायचे नाही, हा बाईंचा नेम.

त्यांचे बंधू शंकरराव धास्तावलेले असत. “बाई, हे लोकं एक दिवस खानावळच खाऊन टाकतीन!”

पहिल्या सकाळी मी डोळे मिटून, पत्रावळीवर हात जोडून देवाचे नाव घेतले. डोळे उघडतो तो वाढपी पुढे गेलेला! शेजारचा गाडीवान म्हणाला, “मास्तर, नाव घ्या देवाचं, पण हात मांडीवर ठेवून घ्या!”

चिखलीचे एक व्यापारी दर पुरता वसूल व्हावा म्हणून आदल्या दिवशी उपाशी राहिले. सकाळी दुसऱ्या भाकरीलाच त्यांना घाम फुटला.

“बाई, राह्यलेलं बांधून द्या.”

“शेटजी, पोट आणलं तेवढं भरून देल्लं. फडकं भरायचा रिवाज नाही.”

नागपूरच्या एका कारकुनाने विचारले, “हा दर किती भाकरींचा?”

बाई म्हणाल्या, “भुकेचा.”

मग एके दिवशी सोनाळ्याचा एक पैलवान येऊन बसला. त्याचे खाणे पाहून आमचे घास हातातच राहिले. घरातले पीठ संपले; आता टोपलीत होत्या तेवढ्याच भाकरी. शंकरराव सर्वांदेखत म्हणाले, “बाई, आज टोपली रिकामी झाली का हा नेम बंद. देवापुढं कबूल कर!”

बाईंनी देव्हाऱ्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली, आणि पुन्हा वाढू लागल्या.

तेव्हा मी जे पाहिले ते आजही डोळ्यांपुढे आहे. नुकतेच बसलेले गाडीवान, एकामागून एक, पत्रावळीवर हात आडवे धरू लागले. कोणी कोणाला खुणावले नव्हते. मीही हात धरला.

पैलवान खातच होता.

टोपलीत शेवटची भाकर उरली. बाईंनी ती उचलली. “घे बाप्पा.”

पैलवानाने भाकरीकडे पाहिले. मग आपला तो भलामोठा पंजा त्याने पत्रावळीवर आडवा ठेवला.

शंकररावांना विश्वास बसेना. “काऊन पैलवान, भरलं पोट?”

पैलवान फेटा सावरत उठला.

“हात दिसला ना, भाऊ?”