हवेतले साडेअकराशे किलोमीटर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण कोणाले काही विचारायचं नाही, हा माझा बाणा. बायको होती तेव्हा म्हणे, "तुम्ही चुकीच्या गावी जाल, पण रस्ता नाही विचारणार."

यंदा उन्हाळ्यात माझी एकुलती लेक सुनंदा आइजोलच्या दवाखान्यात भरती झाली. जावयाची नोकरी तिकडंच, मिझोरमात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाचं ऑपरेशन होतं. फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, आत नेण्याआधी तुम्ही दिसले पाहिजे." दुर्गहून रेल्वेनं निघालो असतो तर तीन दिवस लागले असते. जावयानं विमानाचं तिकीट काढलं. म्हणे, रायपूरहून सरळ रेघ धरली तर साडेअकराशे किलोमीटर, कोलकात्याले विमान बदलायचं, उडणं सारं मिळून तीन तासांचं. तीन तासांत तर आमची अर्धी शिफ्टही होत नव्हती. मले भरवसा बसेना. आमच्या प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दहाच्या मारोतीपुढं नारळ ठेवला, तर शेजारचा म्हणते, "काका, आता तुम्हीच मारोती झाले, चालले उडत!"

उंचीचं भय मले नव्हतं. स्टील प्लांटात तीस वर्षं छताखालची क्रेन चालवली. कोलकात्यापर्यंत ठीक झालं. तिथं तिकिटावर जो आकडा होता, त्याच गेटवर जाऊन बसलो. फळ्यावर इंग्रजी सरकत होतं, भोंगा बोलून राहिला होता, मले काही उमगेना. भोवतालची माणसं उठून कुठं कुठं गेली. तरी विचारलं नाही. मनात फक्त म्हणत होतो, मारोतीराया, आता तूच पाहा.

तेवढ्यात काचेबाहेर एक विमान जागेवर येताना दिसलं. खाली, त्याच्यासमोर एक माणूस दोन्ही हातांत दांडकी घेऊन उभा. हात वर, हळू, अजून थोडं, बस. एवढं मोठं विमान थांबलं! मी उठूनच उभा राहिलो. हे तर आमच्या खलाशाचे, क्रेनखाली उभं राहून हातानं दिशा दाखवणाऱ्या गड्याचे इशारे. क्रेनवर बसत होतो मी, पण माल उचलला तो खालच्या खलाशाच्या हाताकडं पाहून. तापलेलं लोखंड हुकाले लटकलेलं असताना मी कधी आपल्या मनानं चाललो नाही. तेव्हा कमीपणा वाटला नाही, मग आज कावून वाटते?

जवळ एक बाई फरशी पुसून राहिली होती. तिच्यापुढं तिकीट धरलं. "बेटी, आइजोल?"

"अरे बाबा, गेट तो बदल गया! चलिए, जल्दी!"

पोछा तिथंच टाकून ती पुढं पळाली, मागं मी. दुरूनच तिनं एक हात वर केला. दार लावता लावता गेटवरचा माणूस थांबला. वळून पाहिलं तर ती आपल्या कामाले परत निघाली होती. नाव विचारायचंही राहिलं.

संध्याकाळी लेकीच्या खाटेजवळ होतो.

"बाबा, गेट सापडलं तुम्हाले?"

"विचारलं."

"कोणी? तुम्ही?" अशी हसली की नर्स रागवत आली.

सकाळी हसतच ती आत गेली. आता चांगली आहे, फोनवर भांडतेही.

आमच्या मारोतीचाही एक हात वर उचललेला आहे. इतकी वर्षं डोळे मिटून मागत राहिलो, तो हात कधी पाहिलाच नाही. आता डोळे उघडे ठेवून उभा राहतो.