कॉलेज बघायला जाणारी नणंद

पोटच्या पोरीसाठी स्थळ बघताना लोक करत नसतील तेवढी चौकशी माझी नणंद कॉलेज बघताना करते. पोस्टातून निवृत्त झालेली, गोडदेवला एकटी राहणारी ही बाई निम्म्या भाईंदरची बिनपगारी सल्लागार आहे. दहावीचा निकाल लागला की तिच्या दारात चपलांचा ढीग पडतो. कोणाला ती अकरावी सायन्सला कम्प्युटर घ्यायला लावते, तर कोणाला बजावते, "दहावीवर डिप्लोमा कर, मग इंजिनीअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात बस." माहितीपत्रकांवर तिचा काडीचा विश्वास नाही. ती स्वतः जाते, कँटीनचा चहा पिते, वॉचमनला गाठते, "भैया, बच्चे लॅब में कितने बजे तक बैठते हैं?" मग लॅबच्या दाराशी जाऊन कुलूप बघते. कुलूप गंजलेलं दिसलं की कॉलेज बाद. एकदा प्राचार्यांनीच हटकलं, "आपण कोण?" तर म्हणाली, "मुलीकडची."

यंदा माझ्या ईशाची पाळी आली. ही पोरगी दिसेल ते यंत्र उघडते. तिने एकदा आमची बेल अशी जोडली, की पाहुण्याने बटण दाबलं की बाथरूममधला दिवा लागायचा. त्यामुळे डिप्लोमा नक्की होता. प्रश्न एवढाच, की पुण्याला हॉस्टेलवर पाठवायचं की आत्याच्या घराजवळच्या कॉलेजात. सोळा वर्षांची पोर लांब जाणार म्हणून पुण्याचं नाव निघालं की मी विषय बदलायचे. नणंदबाईंनी तर ईशा रोज दुपारी आपल्याकडेच जेवणार असं ठरवून सोमवारची मटकी, बुधवारचे बोंबीलसुद्धा मुक्रर करून टाकले. मी म्हटलं, "ताई, आता हे कॉलेज कशाला बघायला जाताय? तुमच्या घराजवळचंच तर आहे." तर फणकारली, "लोकांच्या पोरांसाठी पायपीट केली, आणि हिच्यासाठी नको?"

परत आली ती थेट आमच्याकडे. "कँटीन छान आहे," एवढंच म्हणाली. लॅबचं विचारल्यावर चहाचा कप बाजूला सरकवत बोलली, "कुलपाला गंज आहे गं. सर येतील तेव्हा उघडतात म्हणे." तिने सांगितलं नसतं तर आम्हाला कोणालाच कळलं नसतं. खरं सांगते, मला तिचा रागच आला. ती ईशाकडे वळली, "फॉर्मात पुण्याचं कॉलेज पहिलं टाक. तिथे पोरी संध्याकाळपर्यंत लॅबमध्ये असतात, मी बघून आलेय."

ईशाला आम्ही घोडबंदरच्या हायवेवर पुण्याच्या बसमध्ये बसवलं. ब्रेक तपासलेत का, हे विचारून विचारून नणंदेने ड्रायव्हरला हैराण केलं. बस गेली. आम्ही दोघी रिक्षाने परत निघालो. इतकी वर्षं एकटी राहिली, पण आग्रह केल्याशिवाय आमच्याकडे कधी पानावर बसली नाही. गोडदेवचं वळण आलं तशी बाहेर बघतच म्हणाली, "अगं, आज तुझ्याकडेच जेवते. एकटीसाठी कुठे काय शिजवत बसू?"

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, अंदर मत लो. सीधा चलो."