खाटेखालचा खड्डा

धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावी आठ खाटांचा दवाखाना होता. पन्नासच्या दशकात मी तिथे नर्स होते. डॉक्टर दौऱ्यावर गेले की कारभार माझ्याकडे यायचा, आणि खरं सांगायचं तर ते दौऱ्यावर असलेलेच मला आवडायचे. मी नागपुरात शिकून आलेली, पंचविशीची, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसलेली.

धान कापून झालं होतं, थंडी पडली होती. एका सकाळी एक बाई बैलगाडीतून नवऱ्याला घेऊन आली. तो चाळिशीचा शेतकरी होता. गाडी हाकणारा त्याचा चुलतभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, डोकं सरकलं याचं. सहा महिने झाले, बोलत नाई. खाटेवर बसते, एक पाय लोंबवते अन् बिड्या वढते. झोपवलं का वरडते."

मी नाव, गाव, ताप, नाडी लिहून घेतली. नाडी हाताची. प्रश्न विचारले तर तो माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिला. उजवं पाऊल सुजून लाल झालं होतं, अंगठ्याशी बारीक जखम होती. जखम धुऊन पट्टी बांधली आणि कागदावर लिहिलं, 'वेडसर'.

त्याची बायको माझ्या मागेमागे फिरत होती. "बाई, हे येडे नाईत. यायचा भाऊ उन्हाळ्यात तापानं गेला, तवापासून बोलत नाईत, बस. अन् पाय दुखते. लोंबवला का जरा बरं वाटते यायले. घरची खाट बुटकी हाय, पाय भुईले टेकते, म्हनून म्या खाटेखाली खड्डा खनला." मग आमच्या लोखंडी खाटेवरून हात फिरवत म्हणाली, "इथी खाट उंच हाय. बरं झालं."

मला हसू आलं. नवरा वेडा आणि बायको त्याच्यासाठी घरातली जमीन खणते. दोघांनाही भरती करून घ्यावं, असं मी मनात म्हटलं.

सुजलेला पाय उंच ठेवायचा, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा ठेवल्या. तासाभरात पाऊल पांढरं पडलं, सूज उतरू लागली. मी खूश झाले. तो मात्र ओरडत उठला आणि पाय लोंबवून बसला. मी पुन्हा झोपवलं, तो पुन्हा उठला. तिसऱ्यांदा मी रुंद पट्ट्यांनी त्याला खाटेला बांधलं. अशा रुग्णाला बांधायचं, हेही शिकवलेलंच होतं. दोन्ही धडे मला तोंडपाठ होते.

बायको पायथ्याशी उभी राहून त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरायची. तिने सांगून पाहिलं, "बाई, पाय थंडा पडून राह्यला."

"थंडीच आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्याचं ओरडणं थांबलं. मी कागदावर लिहिलं, 'शांत'.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी जखमेवरची पट्टी सोडली. पायाची तीन बोटं काळी पडली होती. डॉक्टरांनी पावलावर दोन बोटं ठेवली, बराच वेळ तशीच धरली, मग घोट्यामागे ठेवली.

"पायाची नाडी पाहिली होती?"

"हाताची पाहिली."

विटा त्यांनी स्वतः वाकून काढल्या. मग मला समजावून सांगितलं. बिडीने पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या. पाय लोंबवला की थोडंफार रक्त खाली उतरायचं, तेवढ्यावर तो तग धरून होता. "नाहीतरी पाय वाचला असता की नाही, सांगता येत नाही," असंही ते म्हणाले. हे बहुधा माझ्यासाठी होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं म्हणतात. मी तर बंब आगीवरच नेला होता, फक्त त्यात रॉकेल भरून.

त्याला चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे गुडघ्याच्या वर पाय कापावा लागला. ते कळलं त्या दिवशी मी सुया उकळल्या, पट्ट्यांच्या घड्या घातल्या, भातही नेहमीइतका खाल्ला. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. मला काहीच वाटत नव्हतं आणि त्याचीच भीती वाटत होती.

त्यानंतर कुणीही आलं की मी नाव विचारायच्या आधी पावलाला हात लावू लागले. न बोलणारं माणूस असेल तर दोनदा. बाया पाय मागे ओढायच्या, पाप लागेल म्हणायच्या. गावात थट्टा चालायची, "हे बाई आधी पाया पडते, मंग सुई टोचते." मी कुणाला कारण सांगितलं नाही.

होळीनंतर ते दोघं पुन्हा आले. तो कुबडीवर होता. मी खाली बसून त्याच्या उरलेल्या पावलाची नाडी पाहिली. बारीक होती, पण होती.

"बिडी?" मी विचारलं.

"सोडली," बायकोच म्हणाली. तो भिंतीकडे बघत होता. "भाऊ, कसं आहे?" असं मी त्याला विचारलं, तरी त्याने मान वळवली नाही.

निघताना ती दाराशी थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

"बाई, तो खड्डा बुजवून टाकला म्या," ती म्हणाली. "आता लागत नाई."

"बरं केलं," मी म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.